पाइप कोरडा, ओढा काळा

नदीच्या प्रदूषणाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे एक पाइप येतो. कारखान्याच्या भिंतीतून बाहेर आलेला, तोंडाशी फेस असलेला, रात्री गुपचूप सोडलेला. वर्तमानपत्रात फोटो त्याचाच येतो, आंदोलक बुजवतात तोही तोच आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची मोजणीही त्याच्याच तोंडाशी होते. मग जून येतो आणि सगळ्यांनाच हायसे वाटते. आता पाणी वाहते होईल, नदी धुऊन निघेल.

खाद्यपदार्थ तयार करणाऱ्या कारखान्यांपुरते तरी हे चित्र उथळ आहे, असे माझे म्हणणे आहे. साखर कारखाना, दूध डेअरी, आंब्याचे कॅनिंग, कोंबड्यांचा प्रक्रिया कारखाना, तेलाची गिरणी या सर्वांचा पावसाळ्यातला खरा निचरा पाइपातून होत नाही, आवारातून होतो. पत्रे, अंतर्गत रस्ते, वजनकाट्याभोवतीची जागा, टँकर रिकामा करण्याचा धक्का, उघड्यावरचे ढीग यांच्यावरून पहिला पाऊस जे घेऊन जातो, ते सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे फिरकतही नाही. आपला कायदा या पाण्याला कवेत घेण्याइतका रुंद आहे. मोजमाप करणारे मात्र चुकीच्या जागी आणि चुकीच्या महिन्यात उभे असतात. चार पायऱ्यांत हे मांडतो, मग आक्षेपांकडे वळतो.

१. खाण्याजोगे म्हणूनच घातक

‘आमच्याकडे केमिकल नाही साहेब, दूधच आहे,’ हे वाक्य अन्नप्रक्रिया उद्योगात कुठेही ऐकायला मिळते, आणि बोलणारा खोटे बोलत नसतो. त्याची समजूत एवढीच असते की जे माणसाच्या पोटाला चालते ते ओढ्यालाही चालेल.

ओढ्यात त्या दुधावर तुटून पडतात जिवाणू. त्यांनाही ते पौष्टिकच असते. ते भराभर वाढतात आणि वाढताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. या वापराचे माप म्हणजे बीओडी, जैविक प्राणवायूची मागणी. पंचवीस अंश तापमानाला स्वच्छ गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, त्याहून जास्त नाही. तो चार-पाचाच्या खाली गेला की बहुतेक मासे कासावीस होतात. दुधाचा बीओडी लिटरमागे साधारण एक लाख मिलिग्रॅम असतो. आता भागाकार करा. धक्क्यावर सांडलेले एक लिटर दूध पचवायला साडेबारा हजार लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू लागतो. दहा हजार लिटरचा एक टँकर त्याला पुरत नाही. साखरेचे गणित तर शाळेच्या रसायनशास्त्रातले आहे: एक किलो साखरेचे पूर्ण ज्वलन व्हायला सुमारे १.१२ किलो प्राणवायू हवा, म्हणजे जवळजवळ १ लाख ४० हजार लिटर स्वच्छ पाण्यातला. घरगुती सांडपाण्याचा बीओडी दोन-तीनशेच्या घरात असतो हे लक्षात घेतले, की कोणते पाणी किती ‘घाण’ हे डोळ्यांनी किंवा नाकाने ठरवण्याचा मोह सुटतो.

साखर काढल्यावर उरणारी मळी काय करू शकते याची दोन उदाहरणे जगजाहीर आहेत. सप्टेंबर २०१३ मध्ये होनोलुलूच्या बंदरात जहाजात मळी भरणारी नळी गळली आणि सुमारे १,४०० टन मळी समुद्रात गेली. मळी पाण्याहून जड असल्याने ती तळाशी बसली आणि २६ हजारांवर मासे व इतर जीव मेले. मे २०१८ मध्ये पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याची मळी बियास नदीत उतरली, तेव्हाही नदीभर मेलेले मासे तरंगले. या दोन्ही प्रसंगांशी पावसाचा संबंध नव्हता. मळीत एकही विषारी द्रव्य नसताना हे घडले, एवढेच मला इथे दाखवायचे आहे. मासे गुदमरून मेले.

२. हंगाम संपतो, आवार उरते

पश्चिम महाराष्ट्रातला साखर कारखाना ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. बॉयलरच्या अग्निप्रदीपनाला संचालक मंडळ सपत्नीक हजर असते, गव्हाणीत पहिली मोळी टाकताना फोटो निघतात. गाळप संपल्यावर आवार साफ करण्याचा मात्र कुठे समारंभ होत नाही. (व्हावा, असे मला गंभीरपणे वाटते.)

मे महिन्याच्या अखेरीस एखाद्या कारखान्यात चक्कर मारून पाहा. यंत्रे उघडून दुरुस्तीला पडलेली असतात. मळीच्या टाकीच्या बुडाशी, जिथे टँकर भरतात, तिथली जमीन डांबरासारखी काळी झालेली असते. उन्हात ती चमकते, चप्पल चिकटते आणि उचलताना चर्रर्र आवाज येतो, वर मधमाश्या घोंघावत असतात. पलीकडे बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा डोंगर, त्याचा भुस्सा वाऱ्याने सगळीकडे पसरलेला. प्रेसमडचा, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळाचा ढीग वरून वाळून भेगाळलेला, आतून अजून ओला आणि गरम. बॉयलरच्या राखेचा वेगळा ढीग. केन यार्डात पाच महिने ट्रॅक्टर आणि ट्रक उभे राहिलेले, म्हणून तेलाचे डाग, पाचट आणि चिखल यांचा थर. या सगळ्याच्या मध्ये सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. ते कोरडे आहे, कारण गाळप बंद आहे. त्याच्या तोंडाशी बसवलेले यंत्र शून्य दाखवते, आणि ते खरेच असते.

पहिला वळीव या आवारावर पडतो. पुढे काय होते ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

कोकणातले कॅनिंग याहून विचित्र अडचणीत असते, कारण त्याचा हंगाम पावसाला चिकटलेलाच आहे. चांगला आंबा पेटीत जातो, उरलेला मे महिन्यात आणि जूनच्या सुरुवातीला कॅनिंगला. फळाच्या वजनातला मोठा भाग साली आणि बाठे होऊन मागच्या बाजूला साठतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याची पहिली झड अनेकदा नेमकी या ढिगावर येते. खाली जांभा असतो, त्याला भेगा असतात. ढिगातून सुटलेला आंबूस रस पऱ्ह्यात, म्हणजे तिथल्या ओढ्यात जातो, नाहीतर कातळातून झिरपत उताराखालच्या विहिरीकडे निघतो.

डेअरीत धोका डोक्यावर असतो, आणि तो बहुतेकांना ठाऊकही नसतो. दूध पावडर करणाऱ्या ड्रायरच्या धुराड्यातून बारीक भुकटी बाहेर पडते आणि पत्र्यांवर बसते. उन्हाळाभर साठलेला हा थर पहिल्या सरीला पन्हळीवाटे खाली येतो, तो थेट पावसाच्या गटारात. छपराचे पाणी स्वच्छ असते, हे गृहीत धरून बांधलेली रचना इथे उलटते.

३. पहिला अर्धा तास आणि बंधाऱ्यामागचे डबके

पावसाने धुतलेली घाण पावसाळाभर सारख्या प्रमाणात येत नाही. सैल बसलेली धूळ, भुकटी, वाळलेला रस हे सगळे पहिल्या पाण्याबरोबर सुटते. नंतरच्या सरींना धुवायला फारसे उरत नाही, ढीग उघडा असेल तेवढाच रस सुटत राहतो. म्हणून पहिला अर्धा-पाऊण तास निर्णायक ठरतो आणि ऑगस्टमध्ये घेतलेला नमुना जूनबद्दल काहीच सांगत नाही.

दुसऱ्या बाजूला नदीची अवस्था पाहा. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात नदी उन्हाळ्यात सलग वाहत नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागे ती एकापाठोपाठ एक डबक्यांसारखी थांबलेली असते. पाणी तापलेले, आधीच प्राणवायूची चणचण, वर शहरांचे सांडपाणी. मोठा पाऊस येऊन बंधाऱ्यात पाणी अडवणाऱ्या फळ्या, म्हणजे बरगे निघेपर्यंत हीच स्थिती असते. वळवाची सर आवार आणि ओढे धुण्याइतकी जोरदार असते, नदी वाहती करण्याइतकी नसते. ओढ्याने आणलेले काळे पाणी बंधाऱ्यामागच्या त्या डबक्यात शिरते आणि तिथेच थांबते. पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्यावर तरंगणाऱ्या मेलेल्या माशांच्या बातम्या शिरोळ तालुक्याला नव्या नाहीत. प्रत्येक वेळी दोषी कोण यावर मी इथे निकाल देत नाही. मासे बंधाऱ्यापाशीच का मरतात, याचे उत्तर मात्र या रचनेत आहे.

आता प्रमाण बघू. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. दहा हेक्टरांच्या आवारावर २५ मिलिमीटरची एक सर आली तर २५ लाख लिटर. रोज पाच हजार टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याला टनामागे २०० लिटर या मर्यादेने दिवसाला दहा लाख लिटर पाणी बाहेर सोडता येते. म्हणजे निम्मे पाणी जमिनीत मुरले असे धरले तरी एका संध्याकाळी जे वाहून जाते, ते हंगामातल्या पूर्ण दिवसाच्या परवानगीहून जास्त भरते. परवानगीचे पाणी निदान प्रक्रिया होऊन येते.

४. मोजणारे कुठे उभे आहेत

इथे कायद्याला दोष देण्याची आपली सवय आहे. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ काढून वाचला तर वेगळेच दिसते. ‘प्रवाह’ या शब्दाच्या व्याख्येत त्याने जलमार्ग घेतला आहे, मग तो वाहता असो वा तूर्त कोरडा. भूगर्भातले पाणीही घेतले आहे. म्हणजे मे महिन्यातला कोरडा ओढा कायद्याच्या दृष्टीने प्रवाहच आहे. उद्योगाच्या सांडपाण्याच्या व्याख्येत उद्योगाच्या जागेतून बाहेर पडणारा कोणताही द्रव, वायू किंवा घन पदार्थ येतो, फक्त घरगुती मैलापाणी वगळून. तो पाइपातूनच बाहेर पडला पाहिजे असे कुठेही म्हटलेले नाही. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे लिहिले, त्यांना आपले ओढे चांगले ठाऊक होते असे म्हणायला हवे.

अडते ते पुढे. २०१६ च्या मानकांनी साखर कारखान्याला पाणी सोडण्यासाठी एकच तोंड ठेवायला सांगितले, आणि नदीत सोडायच्या पाण्यासाठी बीओडीची मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम घातली. त्याआधी २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सतरा प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना सतत मोजणारी ऑनलाइन यंत्रे बसवायला लावली. त्यांत साखर आणि आसवनी दोन्ही होते. दोन्ही निर्णय आपल्या जागी बरोबर आहेत. पण दोन्हींचे लक्ष एकाच तोंडावर आहे, आणि पाऊस तोंड पाहून वाहत नाही. तो उताराने जातो. कुंपणाच्या खालच्या कोपऱ्यात भिंतीला पाडलेले भोक, ज्यातून पावसाचे पाणी शेजारच्या ओढ्यात जावे म्हणून कधीतरी गवंड्याने दोन विटा काढल्या, ते कोणत्याच नकाशावर नसते.

पाऊस हा धोका आहे हे आपल्या यंत्रणेला कळत नाही, असेही नाही. स्पेंटवॉश, म्हणजे आसवनीचे सांडपाणी, प्रेसमडमध्ये मिसळून कंपोस्ट करणाऱ्या आसवन्यांना वर्षाला २७० दिवसांची मर्यादा घालण्यात आली, ती पावसाळ्यात उघड्यावरचे कंपोस्ट थांबावे म्हणूनच. म्हणजे एका पदार्थापुरता पाऊस हिशेबात धरला गेला. शेजारच्या मळीच्या धक्क्याला, डेअरीच्या पत्र्यांना आणि बाठ्यांच्या ढिगाला तेच तर्कशास्त्र का लागू होत नाही, हे मला कधीच उलगडले नाही.

अमेरिकेतही सुरुवात पाइपापासूनच झाली. १९७२ च्या स्वच्छ जल कायद्यात १९८७ साली दुरुस्ती झाली, १९९० मध्ये नियम आले आणि उद्योगांच्या आवारातल्या पावसाच्या पाण्यालाही परवाना लागू लागला. १९९५ पासूनच्या बहुक्षेत्रीय परवान्यात अन्नप्रक्रियेचा स्वतंत्र गट आहे, ‘यू’ नावाचा. त्यातल्या तीन गोष्टी शिकण्याजोग्या वाटतात. नमुना शक्यतो पाणी वाहू लागल्यापासून पहिल्या तीस मिनिटांत आणि आधीच्या पावसानंतर किमान ७२ तास लोटल्यावर घ्यायचा, म्हणजे पहिले पाणी हाती लागते. तेल-चरबीच्या कारखान्यांच्या पावसाच्या पाण्याला बीओडीचा ३० चा आकडा लावला जातो, आपण साखर कारखान्याच्या प्रक्रिया केलेल्या पाण्याला लावतो तोच. तो ओलांडला म्हणून लगेच दंड होत नाही, कारण शोधून दुरुस्ती करावी लागते. आणि ज्याने सगळे छपराखाली ठेवले, पावसाला शिवायला काही उरू दिले नाही, तो तसे लिहून देऊन परवान्यातून सुटू शकतो. हा तिसरा मुद्दा मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण तो यंत्र विकत घ्यायला लावत नाही, पत्रा घालायला लावतो. तिथली व्यवस्था आदर्श आहे असे नाही. नमुना कारखान्यानेच घ्यायचा असतो आणि न घेणारे तिथेही असतातच.

५. आक्षेप

‘पावसात पाणी इतके असते की सगळे पातळ होते.’ जुलैच्या पुरात होते, हे मान्य. पण या लेखाचा विषय जुलै नाही. वळीव ते बरगे निघणे एवढ्या अवधीत आवार धुतले जाते आणि नदी मात्र थांबलेली असते. शिवाय पुराचा एक फायदा प्रदूषकालाच होतो: सगळेच पाणी गढूळ झाले की कोणाचे कोणते हे सांगता येत नाही.

‘प्रेसमड, मळी, बाठे हे सगळे सेंद्रिय आहे, शेतकऱ्याचे खतच आहे.’ शेतात पसरले तर आहे. मातीत हवा असते, जिवाणूंना सवड असते, पीक उचलून घेते. तोच प्रेसमड ओढ्यात गेला तर शेतकऱ्याचे खतही गेले आणि पाणीही. सहकारी कारखान्यात तर सभासदाचे दोन्ही खिसे एकदम कापले जातात.

‘नदी खरी बिघडवली ती शहरांच्या मैलापाण्याने.’ पंचगंगेत कोल्हापूर आणि इचलकरंजीचा वाटा कोणी नाकारत नाही, मीही नाही. पण गेली कित्येक वर्षे पालिका कारखान्यांकडे आणि कारखाने पालिकांकडे बोट दाखवत आहेत, आणि दोघांचेही बोट खरे आहे. दुसऱ्याचे जास्त आहे म्हणून आपले मोजायचेच नाही, हा तर्क हिशेबात चालत नाही.

‘खर्च कोण करणार?’ इथे जरा थांबायला हवे, कारण लहान कॅनिंगवाल्याच्या तोंडी हा प्रश्न खरा आहे. पण आधी हिशेब मांडू. आवार दहा हेक्टर असले तरी खरी मळकी जागा त्यातली तीन हेक्टर धरू: मळीचा धक्का, ढीग, यार्डाचा काही भाग. तिथल्या पहिल्या दहा मिलिमीटर पावसाचे पाणी होते तीन लाख लिटर, म्हणजे ३०० घनमीटर. पंधरा बाय पंधरा मीटरचे, तीन मीटर खोल, उतरत्या कडांचे शेततळे सुमारे ४४० घनमीटर पाणी धरते. त्याच कारखान्याचे सभासद याहून मोठी शेततळी बांधून बसले आहेत. भोवती वीतभर उंचीचा कट्टा, धक्क्यावर पत्रा, पावसाचे स्वच्छ पाणी आणि मळके पाणी वेगळे करणारी चर, आणि मे महिन्यात पाणी न मारता कोरडी झाडलोट. पाणी मारून धुणे ही आपली आवडती चूक आहे. खरवडून पोत्यात भरता येईल ते आपण गटारात ढकलतो. कॅनिंगवाल्याला तर तळेही नको, बाठ्यांच्या ढिगावर ताडपत्री आणि रोज सकाळी उचल एवढे पुरते.

सर्वांत वजनदार आक्षेप एका कारखान्याच्या केमिस्टने मला ऐकवला. तो म्हणाला, पाणी तळ्यात धरले तरी त्याचे करायचे काय? ऑफ सीझनला प्रक्रिया केंद्रातले जिवाणू उपाशी मेलेले असतात, ते जागे करायला दोन-तीन आठवडे लागतात आणि जमीन तोवर ओली झालेली असते. हे बरोबर आहे, आणि याला पूर्ण समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. अर्धे उत्तर असे: झाडलोट नीट झाली तर धरलेले पाणी मुळातच सौम्य असते. सिंचनाला मागणी नसताना प्रक्रिया केलेले पाणी ठेवायला अनेक कारखान्यांकडे अस्तर घातलेले तळे असते, जूनमध्ये ते रिकामे असते. त्यात एखादा एरेटर फिरवत पाणी काही आठवडे थांबवता येते आणि नदी भरून वाहू लागल्यावर, तपासून, सोडता येते. केंद्रातली एखादी टाकी शेण आणि थोडी मळी घालून मेपर्यंत जिवंत ठेवणे हा दुसरा मार्ग. हंगामाच्या तोंडावर ते केंद्र सुरू करायला तसेही शेण लागतेच.

६. बाटली

अमेरिकेच्या त्याच परवान्यात आणखी एक साधी तरतूद आहे. दर तीन महिन्यांनी पावसाचे वाहते पाणी स्वच्छ, रंगहीन बाटलीत घ्यायचे आणि नुसते पाहायचे: रंग, वास, गढूळपणा, तरंगणारे कण, तळाशी बसलेला गाळ, फेस, तेलाचा तवंग. प्रयोगशाळा लागत नाही, वहीत नोंद लागते.

आपल्याकडे हे उद्यापासून करता येईल आणि त्याचे दोन उपयोग आहेत. मळी, दूध आणि फळांचा रस यांना रंग असतो, वास असतो, फेस असतो. किती घाण ते डोळ्यांनी ठरत नसले तरी पाण्यात काही शिरले आहे का, एवढे डोळ्यांनी तपासण्यासाठीच जणू हा उद्योग घडला आहे. दुसरे, वहीतल्या ओळी वर्षानुवर्षे साठत गेल्या की कोणत्या कोपऱ्यातून पाणी काळे येते हे कारखान्याच्याच लक्षात येते. न्यायालयात या बाटलीला किंमत नाही, हे खरे. १९७४ च्या अधिनियमाचे २१ वे कलम नमुन्याबाबत कडक आहे. मंडळाच्या अधिकाऱ्याने कारखान्याला नोटीस द्यायची, त्यांच्या माणसाच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करायचे, सील आणि सह्या करायच्या, तरच अहवाल पुरावा ठरतो. अधिकाऱ्याला त्यासाठी पाऊस पडत असताना तिथे असावे लागेल, आणि वळीव तारीख देऊन येत नाही. एका उपप्रादेशिक कार्यालयाच्या वाट्याला किती तालुके येतात हे पाहता तो वेळेवर पोचेल ही अपेक्षा भाबडी आहे.

म्हणून नियम कारखान्यालाच घालावा लागेल: वर्षातल्या पहिल्या वाहत्या पावसाचा नमुना पहिल्या अर्ध्या तासात, कुंपणाच्या प्रत्येक खालच्या कोपऱ्यातून, वेळ आणि फोटोसह. मंडळाच्या संमतीपत्रात दोन ओळी वाढतील. सुरक्षारक्षक रात्रंदिवस गेटवर असतोच, पावसाची वेळ त्याच्याइतकी कोणाला कळत नाही. मात्र ढग भरून आले की छत्री आणि बाटली घेऊन त्या भिंतीच्या भोकापाशी जाऊन उभे राहायचे, हे काम आज कोणत्याही कारखान्याच्या ड्यूटी-चार्टवर कोणाच्याच नावापुढे लिहिलेले नाही.